किनाऱ्याला फाटक नसलं तरी

नाताळच्या सुट्टीत अलिबागकडे निघालेल्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. लांबलंय, पण निघायच्या आधी वाचा.

कर्नाळा पक्षी अभयारण्याच्या गेटवर आपण गाडी लावतो, तिकीट काढतो, पिशवीतलं प्लास्टिक दाखवतो आणि आत शिरलो की आवाज आपोआप खाली येतो. मूल ओरडलं तर आईच दटावते, "हळू बोल, पक्षी उडतील." तीच आई आणि तेच मूल पुढच्या आठवड्यात नागावच्या वाळूत असतात. समोर दोन-तीनशे पक्षी शांत बसलेले दिसतात आणि आई मोबाइल काढून म्हणते, "पळ, पळ त्यांच्यात, मी व्हिडिओ काढते." थवा उठतो, व्हिडिओ सुंदर येतो, सगळे हसतात. पाच मिनिटांनी दुसरं कुटुंब येतं.

यात दुष्टपणा कुणाचाच नसतो, हे मला कळतं. जंगल म्हणजे पक्ष्यांचं घर, हे शाळेपासून कानावर पडलेलं आहे. किनारा मात्र आपल्या डोक्यात फक्त सुट्टीची जागा आहे. तिथे फाटक नाही, वनरक्षक नाही, बोर्ड असलाच तर बुडण्याच्या धोक्याचा. म्हणून तिथे कुणी राहतं, जेवतं, झोपतं हे आपल्या लक्षातच येत नाही. माझं म्हणणं एवढंच की कर्नाळ्यात जसे चालता तसेच आक्षीच्या किनाऱ्यावर चाला.

वाळूत बसलेले ते 'पांढरे-करडे पक्षी' कोण असतात ते सांगते. लाटेच्या कडेला इवल्या पायांनी धावणारा सँडरलिंग आर्क्टिकच्या टुंड्रात जन्मलेला असतो. तपकिरी पाठीचा छोटा सँड प्लोव्हर तिबेट-लडाखच्या उंच पठारांवरून उतरलेला असतो. कुरव आणि सुरय तर असतातच, नशीब चांगलं असेल तर नारिंगी चोचीचा काळा-पांढरा ऑयस्टरकॅचर दिसतो. लांब, किंचित वर वळलेल्या चोचीचा बार-टेल्ड गॉडविटही आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हिवाळ्याला येतो. याच जातीच्या एका पिल्लाने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये अलास्का ते टास्मानिया असा १३,५६० किलोमीटरचा प्रवास ११ दिवसांत केला, कुठेही न उतरता. अंगावर उपग्रहाला संदेश देणारा टॅग होता म्हणून आपल्याला हे कळलं. जेमतेम पाच महिन्यांचं पोर होतं ते. असे पक्षी मोठ्या उड्डाणाआधी इतकं खातात की त्यांचं वजन जवळपास दुप्पट होतं. तीच चरबी म्हणजे त्यांची वाटेवरची सगळी शिदोरी.

आता ही शिदोरी भरतात कुठे? ओहोटीला उघड्या पडणाऱ्या ओल्या वाळूत आणि चिखलात. आणि ती जागा दिवसभर उघडी नसते.

सुट्टीवर पक्षी पाहायला निघालेल्या माणसाने आधी पाण्याची वेळ विचारावी असं मला वाटतं, दुर्बीण नंतर. जंगलात पहाटे सहाला हजर राहिलं की काम होतं. किनाऱ्यावर पहाटेला तसा अर्थ नाही, तिथे सगळं भरती-ओहोटीवर चालतं आणि ती रोज पाऊण तासाच्या वर पुढे सरकते. यासाठी ॲप आहेत, पण आपल्या कोकणपट्टीत त्याहून जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. द्वितीयेला दीड. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण सहलीचा बेत आखायला पुरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी लांबवर मागे जातं आणि पक्षी ठिपक्यांएवढे दिसतात. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार मागे जात नाही.

सगळ्यात चांगली वेळ म्हणजे भरती पूर्ण व्हायच्या आधीचे दोनेक तास. पाणी चढत जातं तसे लांबवर पांगलेले पक्षी एकेक पाऊल मागे हटत तुमच्या दिशेने येतात. तुम्ही फक्त सुरूच्या झाडांच्या सावलीत एका जागी बसायचं. मागे एकदा ओहोटीला मी आक्षीला पोचले तेव्हा वाळूत काहीच दिसेना. तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचणाऱ्या एका मावशींना विचारलं, "मावशी, पक्षी कुठे गेले हो सगळे?" त्यांनी मान वर न करता सांगितलं, "पानी चरला का येतान बग सगली हिकरं." आणि आले.

त्या मावशींकडे बघताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. त्यांच्यापासून दहा-पंधरा पावलांवर प्लोव्हर निवांत चरत होते. वाकलेलं, सावकाश सरकणारं, आपल्याच कामात असलेलं माणूस त्यांना चालतं. सरळ त्यांच्या रोखाने ताठ चालत येणारं चालत नाही. तेव्हापासून मी थव्याकडे कधी थेट जात नाही, तिरकी चालते, मधेच थांबते, खाली बसते.

जवळून बघायला मिळालं की प्लोव्हर आणि सँडपायपर यांच्या जेवणातला फरक मुलांनाही दाखवता येतो. प्लोव्हरचे डोळे मोठे, चोच आखूड. तो धावतो, एकदम थांबतो, बघतो, टिपतो, पुन्हा धावतो. सँडपायपर चोच वाळूत शिवणयंत्राच्या सुईसारखी खालीवर करत पुढे सरकतो, कारण त्याचं भक्ष्य त्याला चोचीच्या टोकाला जाणवतं, ते दिसण्याची त्याला गरज नसते. बाकदार चोचीचा कुरल आणखी खोल जातो. एकाच पट्ट्यात इतक्या जाती भांडण न करता जेवतात त्या यामुळे. हे पाहायला दुर्बीण हवीच असंही नाही. माझ्या भाचीला हे नुसत्या डोळ्यांनी दिसलं आणि पुढचा अर्धा तास ती प्रत्येक पक्ष्याकडे बोट दाखवून "हा बघणारा, हा चाचपणारा" असं सांगत होती.

पूर्ण भरतीला जेवण बंद होतं आणि थवा कोरड्या वाळूवर एका पायावर, चोच पंखात खुपसून बसतो. आपल्याला वाटतं, रिकामे बसलेत, उडवलं तर काय बिघडलं? ती त्यांची विश्रांतीची वेळ आहे, पुढच्या ओहोटीपर्यंत अंगातली शक्ती राखायची वेळ. त्याच वेळी किनारा सर्वात अरुंद झालेला असतो, म्हणजे पर्यटक, घोडागाड्या, एटीव्ही आणि पक्षी सगळे एकाच पट्ट्यात कोंबलेले. दर पाच मिनिटांनी उठवलेला थवा दिवसभराचं कमावलेलं तिथेच खर्च करतो.

वाळूत गाड्या घालणं तर मला अजिबात समजत नाही. दर मोसमात कुठे ना कुठे पर्यटकांची गाडी भरतीत अडकल्याची बातमी येते, सगळे त्या गाडीवर हळहळतात. चाकाखाली चिरडलेल्या शिंपल्यांचं, खेकड्यांच्या बिळांचं कुणी बोलत नाही. पक्ष्यांचं ताट तेच आहे.

याच टापूत किहीमला १९३० साली डॉ. सालिम अली सुगरणीच्या घरट्यांसमोर दिवसचे दिवस बसून होते. घरटं नर विणतो. अर्धवट झालं की मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर ताबा घेते आणि नर शेजारी दुसरं घरटं विणायला लागतो, दुसऱ्या मादीसाठी. हे सगळं त्यांनी तिथे नोंदवलं. सुट्टीच्या गावी एका जागी बसून राहण्यातून काय हाती लागू शकतं, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. आपण मात्र दोन दिवसांत चार बीच, दोन किल्ले आणि एक बिर्ला मंदिर उरकतो.

मी पनवेलची, त्यामुळे कर्नाळा हे माझं घरचं अभयारण्य. १९६८ पासूनचं, बारा चौरस किलोमीटरच्या आसपासचं, गोवा हायवेला लागून. हरियाल आणि मोरटाका या दोन्ही वाटांवर मी वर्षभर जाते, आणि किनाऱ्यावर कसं वागायचं हे मी तिथेच शिकले. एकाच वाटेवर पुन्हापुन्हा गेलं की कोण कुठे बसतो हे कळायला लागतं. भृंगराज दहा पक्ष्यांचे आवाज काढतो तेव्हा फसायला होत नाही. मेच्या शेवटी नवरंगाची दोन सुरांची शीळ ऐकू आली की पाऊस जवळ आल्याचं कळतं.

पण तिथेही सगळं आलबेल नाही. पावसाच्या तोंडावर तिबोटी खंड्या ओढ्याकाठच्या मातीत बीळ करून घरटं करतो. चिमणीएवढा पक्षी, रंग असे की एकदा पाहिला की विसरता येत नाही, आणि रायगडचा जिल्हापक्षी. त्याच्या बिळासमोर कोकणात ठिकठिकाणी कॅमेऱ्यांच्या रांगा लागतात. चोचीत पाल-सरडा घेऊन आलेला पक्षी समोरच्या फांदीवर ताटकळतो, आत पिल्लं भुकेली, आणि इकडे प्रत्येकाला 'तो एक फ्रेम' हवा असतो. पक्षी घास घेऊन बिळात शिरत नसेल तर माणसाने उठून निघून जावं. पक्षी पाहणाऱ्यांनी आधी हे पाळावं, मग व्हिडिओ काढणाऱ्या आईला शिकवावं.

किनाऱ्याला फाटक बांधा असं मी म्हणत नाही. ते शक्य नाही आणि योग्यही नाही, कारण तिथे माणसांची पोटं आहेत. पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावाचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि गावकऱ्यांनी मिळून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपली, कासव महोत्सव सुरू केला, आणि लोक गावातल्या घरांमध्ये राहायला लागले. गावाला चार पैसे मिळाले, कासवांना राखणदार मिळाले. आणि पर्यटक तिथे गप्प उभे राहतात! दोरीच्या मागे, फ्लॅश न मारता, एकेक पिल्लू पाण्यात जाईपर्यंत. म्हणजे सांगणारं कुणी असलं तर आपल्याला जमतं.

हेच पक्ष्यांसाठी का होऊ नये? वेळासची पिल्लं पाहायला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत थांबावं लागतं. पक्षी ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत असतात, म्हणजे पर्यटनाच्या ऐन मोसमात. गावातल्या दोन-चार पोरांना दुर्बिणी आणि पंधरा दिवसांचं प्रशिक्षण द्या, माणशी पैसे घेऊन ती सकाळ-संध्याकाळ फेरी काढतील. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह साजरा होतो, मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. शाळांमध्ये चित्रकलेच्या स्पर्धा होतात, त्या व्हाव्यातच. पण किनाऱ्यावरच्या गावातल्या मुलांना त्या आठवड्यात एकदा तरी भरतीच्या वेळी वाळूवर न्या.

नागाव, आक्षी, किहीम, दापोली, गुहागर, कुठेही होमस्टे चालवणारं कुणी हे वाचत असेल तर एक विनंती. नाश्त्याचा मेनू लिहिता त्या फळ्यावर खाली त्या दिवसाची भरतीची वेळ लिहा, आणि त्याखाली एवढंच: 'दीड-दोन तास आधी या, सुरूखाली बसा, थव्यात धावू नका.' कुणाला पक्ष्यांच्या चित्रांचा साधा तक्ता हवा असेल तर मला मेसेज करा, मी बनवून पाठवते. छपाईचं तेवढं तुम्ही बघा.