‘घुशी-बदकांचं आम्हाला काय?’ : मिऱ्या गावाहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

काका (वय सत्तर सांगितलंत म्हणून काका म्हणतो),

‘हिपॅटायटिस बीच्या गोळ्या मध्येच सोडू नका’ या, यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूवरच्या माझ्या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत. अमेरिकेतल्या घुशी नि बदकांचे दाखले देऊन मी इथल्या माणसांना घाबरवतो. प्राण्यांत सुरक्षित ठरलेल्या औषधाने १९९३ साली माणसं मेली. आणि हिपॅटायटिस बी असलेल्या तुमच्या मेव्हण्यांनी चार महिने गोळ्या सोडल्यात, भुईआवळीचा रस घेतात, ठणठणीत आहेत. वर रेझिस्टन्सबद्दलची, म्हणजे विषाणू बदलून औषधाला दाद देईनासा होतो त्याबद्दलची, माझी एक चूकही दाखवलीत.

१९९३चं खरं आहे, ते मी लेखात गाळायला नको होतं. हिपॅटायटिस बीवरच्या त्या नव्या औषधाचं नाव फियालुरिडीन. १५ रुग्णांपैकी ७ जणांचं यकृत निकामी झालं, ५ दगावले, दोघे यकृतरोपणामुळे वाचले. आधी उंदीर, कुत्रे, माकडं यांच्यावर औषध तपासलं होतं, त्यातून हा धोका कळला नव्हता. उंदराच्या पेशीत हे औषध मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागाच्या) आत नेणारी वाटच नाही, मग इजा होणार कशी? पण तुमच्या त्या ‘घुशी’चं ऐका. तिचं नाव वुडचक, खारीच्या कुळातली, म्हणजे आपल्या शेकरूची लांबची भाऊबंद. तिला हिपॅटायटिस बी विषाणूच्याच घराण्यातला विषाणू निसर्गतःच होतो. १९७८मध्ये तो सापडला. अपघातानंतर फियालुरिडीन वुडचकला दिलं, तर पहिले चार आठवडे काही नाही. सहा-सात आठवड्यांनी खाणं सुटलं, वजन उतरलं, पुढे यकृत गेलं. अगदी माणसासारखं, उशिरा. तेव्हा प्राणी नको असं नाही, काका. कुठला प्राणी आणि किती दिवस, हे चुकलं होतं.

रेझिस्टन्सबद्दल मात्र तुम्ही मला बरोबर पकडलंत. वुडचकमध्ये माणसासारखाच बदल होतो, असं मी लिहिलं होतं. ते चूक. लॅमिव्हुडीन हे हिपॅटायटिस बीवरचं जुनं औषध घेणाऱ्या माणसांत विषाणूच्या पॉलिमरेझमधली (त्याच्या प्रती काढणाऱ्या प्रथिनातली) २०४ क्रमांकाची जागा बदलते. पाच वर्षांत जवळपास ७० टक्के रुग्णांत हे घडायचं. वुडचकमध्येही हे औषध निष्प्रभ झालं, पण बदल पॉलिमरेझच्या दुसऱ्याच भागात निघाला. एक गोष्ट मात्र या प्राण्यांमुळे नीट उमगली: बदललेला विषाणू वर यायला इतके महिने का लागतात. ज्या पेशीत एक विषाणू बसलाय, तिथे दुसरा सहजी शिरत नाही. कूळ लागलेल्या जमिनीत दुसरं कूळ घुसत नाही, तसंच. जुन्या पेशी मरून नव्या तयार होतील, तेव्हा कुठे त्याला जागा मिळते. तोवर रिपोर्ट छान येतात.

शिवाय तुमचे मेव्हणे टेनोफोविर हे दुसरं औषध घेत होते. त्यात आठ वर्षांच्या पाठपुराव्यातही पक्का रेझिस्टन्स सापडलेला नाही. त्यांच्या बाबतीत मी भीती चुकीच्या गोष्टीची घातली. खरी भीती बदकांकडून कळलेली आहे. बदकांनाही याच घराण्यातला विषाणू होतो; त्यांच्या यकृतपेशींत १९८६मध्ये दिसलं, की विषाणू आपल्या डीएनएची बंद वर्तुळं पेशीकेंद्रात साठवून ठेवतो. गोळी नव्या प्रती थांबवते, त्या साठ्याला हात लावत नाही. औषध थांबलं की बदकांत नि वुडचकमध्ये विषाणू परत उसळायचा.

माणसातही तेच पाहिलंय. मी लॅबमध्ये होतो तेव्हा एक खलाशी यायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत जुने रिपोर्ट गुंडाळलेले, पिशवीला मासळीचा वास. मासेमारी बंदी उठल्यावर बोटीवर गेला, गोळ्या संपल्या, बरं वाटत होतं म्हणून आणल्या नाहीत. दिवाळीच्या आसपास आला तेव्हा डोळे हळदीसारखे, एसजीपीटी (यकृताला झालेली इजा दाखवणारी रक्ततपासणी) ९००च्या वर, एरवी ती चाळीसच्या आसपास असते. तोवर तोही ठणठणीतच होता.

आता भुईआवळी. गंमत म्हणजे तिची परीक्षाही तुमच्या नावडत्या घुशीवरच झाली. बी विषाणूच्या शोधासाठी १९७६चं नोबेल मिळवणारे ब्लमबर्ग यांच्या गटाने १९८७मध्ये वुडचकमध्ये तिचा गुण दिसल्याचं छापलं. पुढच्या वर्षी मद्रासला रुग्णांवरचे आकडेही आशादायक आले. मग बदकांना दिली, रक्तातला विषाणू हलला नाही. इतर देशांत माणसांवर पुन्हा करून पाहिलं, तरी तो गुण आला नाही. तुमच्या वडिलांची कावीळ तिने गेली म्हणता. पाण्यातून येणारी कावीळ बहुतेकदा आपोआपच जाते, आणि मोठ्या माणसात नव्याने झालेली बीसुद्धा शंभरातल्या पंचाण्णवांची जाते. मेव्हण्यांची जुनी आहे, तिचा हिशेब वेगळा.

मूळ लेखातलं रेझिस्टन्सचं ते वाक्य आज दुरुस्त केलंय. मेव्हण्यांना मात्र या आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. एसजीपीटी आणि एचबीव्ही डीएनए (रक्तात विषाणू किती आहे ते मोजणारी तपासणी), दोन्ही करून घ्या. नुसती हिपॅटायटिस बी आहे-नाही सांगणारी पट्टी उपयोगाची नाही. २०१८मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात गोळ्या फुकट मिळतात, सिव्हिलला विचारा. उपाशीपोटी जायची गरज नाही, घावणे खाऊन निघालात तरी चालेल.