तांब्याच्या कळशीतून पाण्यात इलेक्ट्रॉन उतरत नाहीत हो

उन्हाळा लागला की हा मेसेज परत सुरू होतो, आणि यंदा तर लातूरच्या नीटवाल्या पोरांच्या ग्रुपवर पण फिरायलाय म्हणून लिहायलो. मेसेज असा: तांब्याच्या अणूत शेवटच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन, तो ग्रहासारखा फिरतो पण पकड ढिली, रात्रभर पाणी ठेवलं की सुटून पाण्यात उतरतो आणि ते पिलं की अंगात ऊर्जा. तांबं काळं पडलं म्हणजे इलेक्ट्रॉन संपले, चिंचेनं घासलं की परत चार्ज. स्टीलमध्ये मोकळे इलेक्ट्रॉनच नसतात म्हणून ते पाणी मेलेलं. खाली 'विज्ञानाने सिद्ध', ते तर असतंच.

शेवटी एकच इलेक्ट्रॉन, हे खरंय. अणुक्रमांक 29, आतून बाहेर कक्षांमधली इलेक्ट्रॉनची मांडणी 2, 8, 18, 1. पण ग्रहासारखं फिरणं हे बोरचं 1913 चं चित्र, 1926 ला श्रोडिंगरचं समीकरण आलं आणि ते मागं पडलं. त्या इलेक्ट्रॉनला ठरलेली वाट नसते, कुठं सापडायची शक्यता किती एवढंच सांगता येतं.

आता 'सुटून उतरतो'. कळशी म्हणजे एकटा अणू नाही. अणू दाटीनं बसले की प्रत्येकाचा तो बाहेरचा इलेक्ट्रॉन सगळ्या धातूचा होतो, समाईक विहिरीसारखं, हिस्सा सगळ्या भावांचा पण आपलं पाणी वेगळं काढून दाखव म्हणलं तर कुणालाच जमत नाही. मागं राहिलेले धन आयन (इलेक्ट्रॉन गेल्यामुळं धन प्रभार उरलेले अणू) आणि हे समाईक इलेक्ट्रॉन यांची एकमेकाला ओढ म्हणजेच धातू बंध, त्याच्यामुळंच कळशी आपटली तर फुटत नाही, पोचा येतो. मोकळे म्हणजे धातूच्या आत मोकळे! एक इलेक्ट्रॉन बाहेर पोकळीत काढायचा तर साडेचार इलेक्ट्रॉन व्होल्टच्या (अणूच्या पातळीवर ऊर्जा मोजायचं माप) आसपास ऊर्जा लागते, खोलीतल्या उष्णतेकडं असते 0.025. आणि हिशोबच करायचा तर किलोभराच्या कळशीतला दर दहा हजारांतला एक समाईक इलेक्ट्रॉन जरी गेला तरी 150 कूलोम (विद्युत प्रभार मोजायचं माप) होतात, आपल्याकडं जूनमध्ये झाडावर वीज पडते तिच्यात साधारण पंधरा-वीस असतात. एवढं होऊन सकाळी कळशीला हात कोण लावणार?

मग पाण्यात काहीच उतरत नाही का? उतरतं की, पण नेमकं उलटं. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन तांब्याच्या अणूकडून दोन इलेक्ट्रॉन काढून घेतो आणि उरलेला कॉपर आयन पाण्यात जातो, म्हणजे जे पोटात जातं त्याच्याकडं दोन इलेक्ट्रॉन कमीच असतात. हेच आयन जंतू मारतात, त्यामुळं आज्जी कळशी वापरायची त्यात चूक काहीच नव्हती, कारण तेवढं वेगळं. पण आंबट घातलं की आयन फार सुटतात, ताक कळकतं ते ह्यानंच, आणि म्हणूनच कल्हईवाला नवसागर मारून आतून कथलाचा थर द्यायचा. पिण्याच्या पाण्यात तांबं लिटरला 2 मिलिग्रॅमच्या वर नको असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. उन्हाळ्यात तांब्यात लिंबू सरबत करून ठेवणाऱ्यांनी हे वाचावं.

काळं पडणं म्हणजे वर ऑक्साइडचा थर. चिंचेतलं आम्ल तो विरघळवतं आणि खालचं तांबं दिसतं, चार्जिंग बिर्जिंग काही नाही, उलट दरवेळी थोडं तांबं मोरीत जातं.

राहिलं स्टील. हीटर टाकलेल्या स्टीलच्या बादलीला हात लागून ज्याला झटका बसलाय तो तरी त्यात मोकळे इलेक्ट्रॉन नाहीत म्हणणार नाही. आणि मोकळ्या इलेक्ट्रॉनवरच पाण्याची पावर ठरत असेल तर ॲल्युमिनियमचा अणू तीन-तीन देतो, तेवढ्याच जागेत तांब्याच्या दुपटीहून जास्त. म्हणजे सगळ्यात भारी पाणी जर्मनच्या पातेल्यातलं निघालं, पण ते कुणी फॉरवर्ड करीना.