सात चिंचोक्यांबद्दल : एका ताईंच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा अभिप्राय परवा रात्री वाचला, काल सकाळी दुकान उघडायच्या आधी पुन्हा वाचला. इतर पालकांसाठी थोडक्यात सांगते. साडेचार वर्षांच्या मुलाला तुम्ही घरीच शिकवताय आणि त्याच्यासाठी आमची गणिताची पेटी १,२५० रुपयांना घेतलीत. तिसऱ्याच दिवशी मुलगा रडला आणि पेटी कपाटावर गेली. पेटीत वर्कशीट नाहीत, १०० पर्यंत अंक नाहीत, चिंचोक्यांचे एवढे पैसे कशाला, आणि फोन केला तर दोन दिवस कोणी उचलला नाही, अशा तुमच्या तक्रारी आहेत. दोन तारे दिलेत.

आधी फोनचं. तो उचलायलाच हवा होता. नंबर पेटीवर आम्हीच छापलाय, त्यामुळे कारणं सांगत बसत नाही. माफ करा.

आता मुलाच्या रडण्याचं, कारण माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी तक्रार तीच आहे. तुम्ही लिहिलंय, "पन्नासपर्यंत घडाघडा म्हणतो, पण सात चिंचोके दे म्हटलं तर मूठभर हातात ठेवतो. पुन्हा मोज, पुन्हा मोज म्हटलं आणि तो रडायला लागला." हे वाचलं आणि चूक कुठे झाली ते लगेच दिसलं. ती तुमची नाही, मुलाची तर नाहीच. आमच्या कार्डांवर 'दिवस १', 'दिवस २', 'दिवस ३' असं छापलंय, आणि तिसऱ्या कार्डावर सात वस्तू मोजून द्यायच्या आहेत. तुम्ही ते कार्ड त्या दिवशी काढलंत. कोणीही तेच केलं असतं.

मिरजेच्या एका बालवाडीत मी अकरा वर्षं शिकवलं. आकडे म्हणता येणं आणि मोजता येणं यांच्यात मुलांना किती वेळ लागतो, ते रोज बघत होते. एक, दोन, तीन हे मुलाला आधी गाण्यासारखं पाठ होतं. मग 'एक दे' म्हटलं की ते बरोबर एक देतं, बाकी सगळ्याला मूठ. काही महिन्यांनी दोन जमतात, मग तीन. एक दिवस असा येतो की शेवटी म्हटलेला आकडा म्हणजे 'एवढे सगळे' हे त्याला उमगतं, आणि मग पाच काय न् आठ काय, भराभर पुढे जातं. त्या दिवसाआधी 'पुन्हा मोज' म्हणून उपयोग होत नाही. ते बिचारं पुन्हा पहिल्यापासून म्हणतं आणि पुन्हा मूठच देतं, कारण आपलं काय चुकलं हेच त्याला कळलेलं नसतं. तुमचा मुलगा त्यासाठीच रडला असावा.

हे ठाऊक असून मी कार्डांवर दिवस छापले, कारण 'रोज काय करायचं ते नेमकं सांगा' असं पालक सारखं विचारत होते आणि मी ऐकलं. नवी कार्डं छापायला टाकली आहेत. त्यांवर दिवस नाहीत. प्रत्येक कार्डाच्या मागे, मूल काय करायला लागलं की पुढचं कार्ड काढायचं, एवढंच लिहिलंय. तुम्हाला नवा संच घरपोच पाठवते, त्याचे पैसे नाहीत.

वर्कशीटच्या बाबतीत मात्र मी तुमचं ऐकणार नाही. शेजारचा मुलगा शाळेत १०० पर्यंत लिहितो आणि सासरची मंडळी ते बोलून दाखवतात, हे तुम्ही लिहिलंय. घरी शिकवणाऱ्या आईवर हे दडपण किती असतं ते मी जाणते. पण केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' या २०२१ मध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमातलं उद्दिष्ट बघा. पहिलीच्या आदल्या वर्षी, म्हणजे बालवाटिकेत, मुलाला १० पर्यंतचे अंक ओळखून वाचता यावेत, एवढंच. ९९ पर्यंतचे आकडे पहिलीत. सक्तीच्या शिक्षणाचा कायदाही ६ वर्षांपासून पुढे लागू होतो. तुमच्या मुलाचं काहीही मागे पडलेलं नाही.

आणि मराठीतले शंभरपर्यंतचे आकडे साडेचार वर्षांच्या मुलासाठी सोपे नाहीत हो. आपण 'पस्तीस' म्हणतो तेव्हा पाच आधी ऐकू येतात आणि तीस नंतर, लिहायचे मात्र तीन आधी. म्हणून मुलं ५३ लिहितात आणि त्यांच्या कानांप्रमाणे ती बरोबरच असतात. एकोणतीस तर तिसाला एक कमी, पण त्यात लिहायचे आहेत दोन आणि नऊ. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची रीत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. त्या वेळी गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी मुलांची हीच अडचण समजावून सांगितली होती. ती अडचण दुसरीतल्या मुलांची होती. आपला तर अजून शाळेच्या वयाचाही नाही.

पैशांचं सांगते. चिंचोके आणि कवड्या यांचे आम्ही जवळजवळ काहीच लावत नाही. किंमत आहे ती शिवलेल्या कापडी पटाची, लाकडी ठोकळ्यांची आणि कार्डांची. तरीही जास्त वाटली असेल तर ते तुमचं मत, त्यावर मी वाद घालणार नाही.

संच येईपर्यंत पेटी कपाटावरच राहू दे. आठ-पंधरा दिवस गणिताचं नावही काढू नका. जेवायच्या वेळी ताटं त्याला मांडू द्या, 'बाबांना एक, आजीला एक' असं म्हणत. कोणाचं ताट राहिलं तर तुम्ही सांगू नका, ज्याला मिळालं नाही तो सांगेल. तासगावचे बेदाणे घरात असतीलच. तीन वाटीत ठेवा, एक त्याला खाऊ द्या, आता किती राहिले ते नुसतं बघू द्या. तीनपर्यंत मुलांना मोजावं लागत नाही, नजरेलाच कळतं, म्हणून तिथेच खेळा. तीन अगदी सहज जमले की चार.

नंतर हवं तर दोन चिंचोके फोडून त्यांच्या चार फाकांनी पटावर चल्लसआठ खेळा. पांढऱ्या बाजू किती पडल्या ते तो बघेल आणि तेवढी घरं सोंगटी चालवेल. एक घर, एक आकडा, हे बोटाने जमणं म्हणजेच मोजणं. चारही पांढऱ्या पडल्या तर चार आणि चारही काळ्या पडल्या तर आठ, हे मुलांना फार आवडतं. तुम्ही हरा कधीकधी, पण मुद्दाम हरताय हे त्याला कळू देऊ नका.

एक गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीत आणि माझा जीव दडपला. धाकटी रांगते. चिंचोके, कवड्या, बेदाणे तिच्या हाताला लागता कामा नयेत, घशात अडकतात. ती झोपल्यावरच काढा आणि उठताना मोजून डब्यात भरा. ही सूचना आमच्या कार्डावर आत बारीक अक्षरात होती. आता झाकणावर मोठ्या अक्षरात छापतोय. तुमच्यासाठी नव्या संचाबरोबर चिंचोक्यांऐवजी मोठे लाकडी मणी पाठवते, तिच्या तोंडात जाणार नाहीत एवढे.

आणि पेटी नकोच असेल तर परत पाठवा. ती उघडलेली असली तरी चालेल, पूर्ण १,२५० रुपये देईन, पाठवणीचा खर्चही आमचाच. मात्र तिच्या बदल्यात आत्ता दुसरी कुठलीही पेटी किंवा ॲप घेऊ नका, आमचंही नाही. ताटं आणि बेदाणे पुरतील.

सोमवार ते शनिवार ११ ते ५ मी विश्रामबागच्या दुकानात असते. सांगलीला येणं झालं तर दोघांनाही घेऊन या. मुलाला काही विचारणार नाही, आमच्याकडे मोठा पट आहे, त्यावर एक डाव खेळू. फोन आता मी स्वतःजवळ ठेवलाय.