लातूरच्या सरांचा आक्षेप आणि माझं एक चुकलेलं वाक्य

सर, नमस्कार.

घन इंधनाच्या रॉकेटवरच्या माझ्या लेखाला तुम्ही तीन ठिकाणी लाल शाई लावलीत. तुमचं म्हणणं असं: उत्प्रेरकाने, म्हणजे जळण्याचा वेग वाढवायला इंधनात मिसळलेल्या पदार्थाने, ताकद वाढत नाही. उत्प्रेरक संपत नाही. आणि अर्ध्या टक्क्याहून कमी लोहाच्या ऑक्साइडने (हाच तो उत्प्रेरक) जळण्याच्या वेगात एवढा फरक पडतो हे ‘गळी उतरत नाही’. पहिल्या मुद्द्यात तुम्ही पूर्ण बरोबर, ते वाक्य मी आजच दुरुस्त केलं. दुसऱ्यात अर्धे बरोबर. तिसऱ्यावर मात्र थोडं भांडतो.

ताकदीचं आधी. चुलीत पाच किलो तुराट्या घातल्या काय किंवा पाच किलो बाभूळ, उष्णता जवळपास तेवढीच. पण तुराट्या भडाभडा पेटून आधण यायच्या आत राख होतात, बाभूळ कितीतरी वेळ धगधगते. उत्प्रेरक बाभळीला तुराटीसारखं जळायला लावतो, एवढंच. मी वेगाला ताकद म्हणून बसलो.

आता ‘संपत नाही’. लहानपणी चुलत्यांनी मला एक गंमत दाखवली होती. साखरेच्या क्यूबला काडी लावली, तर तो नुसता वितळला, तपकिरी झाला, पेटला काही नाही. मग दुसऱ्या क्यूबच्या कोपऱ्यावर त्यांनी विडीची राख चोळली आणि तिथे काडी धरली. निळसर ज्योत धरली आणि साखर रडत रडत का होईना, जळत राहिली. राख जळली नाही, मागे उरली. इथपर्यंत तुमचं पुस्तक खरं. रॉकेटमध्ये मात्र उत्प्रेरक मागे उरायला जागाच नसते. ज्या थरात तो आहे तो थर जळला, की तोही वायूंबरोबर नोझलमधून, म्हणजे रॉकेटच्या मागच्या तोंडातून, बाहेर. पुन्हा वापरायचा प्रश्नच नाही, आणि बाहेर पडताना त्याचं रूप तेच असेल असंही नाही. म्हणून या क्षेत्रातले बरेच लोक त्याला ‘बर्न रेट मॉडिफायर’, म्हणजे जळण्याचा वेग बदलणारा, म्हणतात. तुमच्या व्याख्येला तो शब्द जास्त मानवेल.

राहिला अर्धा टक्का. जळायला ऑक्सिजन पुरवणाऱ्या अमोनियम परक्लोरेटचे दाणे एचटीपीबी नावाच्या रबरात रुतलेले असतात, हे रबरच जळण. तापल्यावर दाणा फुटतो, म्हणजे त्याचं विघटन होतं, आणि त्याचे वायू रबराच्या वायूंशी पेट घेतात. लोहाचा ऑक्साइड किंवा कॉपर क्रोमाइट हे फुटणं कमी तापमानालाच उरकतो. ज्योत पृष्ठभागाला जवळ येते, तिची धग मागे इंधनात जास्त शिरते आणि पुढचा थर लवकर सुटतो. भुकटी जितकी बारीक तितका परिणाम जास्त, कारण काम पृष्ठभागाचं आहे, वजनाचं नाही.

पण खरी मेख दाबात आहे. जळण्याचा वेग मोटरमधल्या, म्हणजे इंधन जळतं त्या नळकांड्यातल्या, दाबाच्या एका घाताने वाढतो. हा घात १ च्या खाली असावा लागतो. नाहीतर दाबाने वेग, वेगाने दाब, असं करत मोटर फुटते. समजा घात ०.४ आहे आणि उत्प्रेरकाने त्याच दाबावरचा वेग २० टक्के वाढवला. नोझल तेच ठेवलं तर दाब २० नाही, साधारण ३५ टक्के चढतो (१.२ चा १/०.६ वा घात, गणित तुम्हीच तपासा). घात ०.८ असता तर तोच दाब जवळपास अडीचपट झाला असता! म्हणून मिसळणारा माणूस उत्प्रेरक सोनाराच्या काट्यावर मोजल्यासारखा मोजतो. दुहेरी बेसच्या, म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि नायट्रोग्लिसरिनच्या, इंधनात तर शिशाचे क्षार घालून दाब वाढला तरी वेग जवळपास स्थिर राहील असा पट्टाच मिळवतात. म्हणजे उत्प्रेरक नुसता पळवत नाही, लगामही घालतो. शिसं विषारी, म्हणून आता बिस्मथ या धातूच्या क्षारांकडे डोळे लागलेत.

अमेरिकेच्या स्पेस शटलच्या बूस्टरमध्ये लोहाचा ऑक्साइड साधारण ०.४ टक्के असे. एका बूस्टरमधलं इंधन सुमारे ५०० टन, म्हणजे हा ‘चिमूटभर’ ऑक्साइड दोन टन झाला की हो!

शेवटी तुम्ही विचारलंत, वाड्याच्या कडीचा गंज चालेल का. चेष्टेत विचारलंत हे कळलं, तरी पोरं वाचतात म्हणून सांगतो. कडीच्या गंजात पाणी बांधलेलं असतं, मातीही असते, आणि दाण्याचा आकार कुणीच ठरवलेला नसतो. वरच्या गणितात २० टक्क्यांच्या जागी काय आकडा येईल हेच ठाऊक नसलं, तर दाबाचा आकडा आधी कळायचा मार्ग नाही. साखर आणि राख पुरे, तीही मोठं माणूस शेजारी बसवून.