"खराब बोर्ड गळ्यात मारला" या १ स्टार रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. शनिवारच्या गर्दीत तुम्हाला काउंटरवर ताटकळत उभं राहावं लागलं आणि आमचा मुलगा चढ्या आवाजात बोलला, त्याबद्दल मनापासून सॉरी. त्याला मी समज दिलीये. दुकान एवढंसं, त्यात इंजिनिअरिंगच्या पोरांचा प्रोजेक्टचा सीझन, प्रत्येकाला आत्ताच्या आत्ता पाहिजे असतं, असो.

पण "खराब रास्पबेरी पाय ४ गळ्यात मारला, जीपीआयओ डेड आहे, परत पण घेत नाहीत, पासोड्या विठोबाजवळच्या या दुकानात जाऊ नका" हे जे लिहिलंय ना, त्यावर बोलल्याशिवाय मला झोप लागणार नाही. (बाकी वाचणाऱ्यांसाठी: रास्पबेरी पाय म्हणजे छोटा कॉम्प्युटर बोर्ड, आणि जीपीआयओ म्हणजे त्यावरच्या एलईडी, बटण वगैरे जोडायच्या पिना.) तुमचा रिव्ह्यू पडल्यापासून लोक फोन करून विचारतायत की तुम्ही रिपेअर केलेले बोर्ड विकता का. याच गल्लीत माझे वडील रेडिओचे व्हॉल्व्ह आणि कंडेन्सर विकायचे, वापरलेला माल नवा म्हणून विकल्याचं आजवर आम्हाला कुणी ऐकवलेलं नाही.

आता तुमचा मुद्दा. तुम्ही म्हणता जीपीआयओ १७ एक्सपोर्ट करायला, म्हणजे लिनक्सकडून वापरायला मागायला गेलं की "इनव्हॅलिड आर्ग्युमेंट" येतं म्हणजे पिन मेलेली आहे. सर, पिन मेली असती तर हा एरर आलाच नसता. जळालेली पिनसुद्धा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, एक्सपोर्ट करू देतो, आउटपुट करू देतो, व्हॅल्यूमध्ये १ लिहू देतो, बाहेर फक्त व्होल्टेज येत नाही, कारण आत काय जळलंय हे त्या बिचाऱ्याला कळायची सोयच नाही. एरर आला याचाच अर्थ तुमची कमांड पिनपर्यंत पोचलीच नाही, मग पिन खराब ठरवली कुणी?

झालं काय तर तुम्ही जो व्हिडिओ बघून करत होता तो जुना आहे. त्यात सिस-क्लास-जीपीआयओ फोल्डरमधल्या एक्सपोर्ट फाईलमध्ये सरळ १७ लिहायला सांगितलंय, आणि तेव्हा ते बरोबरच होतं, पायच्या जीपीआयओचे नंबर तिथे ० पासून सुरू व्हायचे. पण रास्पबेरी पाय ओएसमध्ये कर्नल ६.६ आल्यापासून ते ५१२ पासून सुरू होतात, म्हणजे तुमची १७ आता तिथे ५१२ अधिक १७, ५२९ झाली. सोसायटीने सगळ्या फ्लॅटचे नंबर बदलले आणि आपण जुन्या १७ नंबरचं दार शोधतोय, त्यात बिल्डरने फ्लॅटच बांधला नाही असं कसं म्हणणार? ५२९ लिहा, एक्सपोर्ट होतं. खात्री करायची असेल तर सुडो लावून सिस-कर्नल-डीबग मधली जीपीआयओ फाईल वाचा, त्यात ५२९ च्या समोर जीपीआयओ १७ असं चक्क लिहिलेलं दिसेल.

तसंही हा सगळा सिसएफएसचा, म्हणजे फोल्डरमधल्या फाईलीत नंबर लिहायचा रस्ताच जुना म्हणून बाजूला टाकलेला आहे, लिनक्स ४.८ पासून, म्हणजे २०१६ पासून त्याच्या जागी डेव्ह फोल्डरमधलं जीपीआयओचिप आलंय. पायथनमध्ये करायचं तर जीपीआयओझिरो लायब्ररी वापरा, त्यात १७ ला १७ च म्हणायचं, ५१२ ची भानगडच नाही. व्हिडिओवाले जुने व्हिडिओ काढत नाहीत आणि शिव्या दुकानदाराला पडतात.

आणि नंबरांचा घोळ तेवढ्यावर थांबत नाही हे मलाही मान्य आहे. जीपीआयओ १७ ही हेडरवर, म्हणजे बोर्डावरच्या पिनांच्या रांगेत, मोजायला गेलं तर ११ नंबरची पिन आहे, वायरिंगपाय नावाची लायब्ररी वापरणाऱ्यांच्या हिशोबात तीच ० आहे, आणि हेडरवरची १७ नंबरची पिन म्हणजे ३.३ व्होल्टचा सप्लाय, ती ऑन-ऑफ होतच नाही. चांगली चांगली पोरं इथे चुकतात, तुम्ही चुकलात तर काही बिघडलं नाही. पण आमचा मुलगा काउंटरवर नेमकं हेच सांगत होता तेव्हा तुम्ही म्हणालात, "मी आयटीत आहे, मला लिनक्स शिकवू नका." मी साधा डिप्लोमावाला माणूस, तुमच्याइतका शिकलेलो नाही, पण सर, या बोर्डावर रोज हात बसलेला आहे आमचा.

बोर्ड तुमच्यासमोर चालवून पण दाखवला होता. आमचं एसडी कार्ड टाकलं, पिनकंट्रोल कमांडने १७ ला आउटपुट करून हाय केलं, ११ नंबरच्या पिनवर मीटर लावला, ३.३ व्होल्ट आले, लो केलं तर शून्य. तेव्हा तुम्ही फोनवर बोलत दुकानाच्या बाहेर गेलात आणि आत येऊन म्हणालात की ते काही नाही, मला नवीन पीस द्या. चालणारा बोर्ड मी परत काय म्हणून घेऊ? डिस्ट्रिब्युटर माझ्याकडून घेत नाही, आणि एका बोर्डामागे आम्हाला सुटतं ते सांगितलं तर तुम्हाला खोटं वाटेल. शिवाय दुसरा पीस दिला असता तरी तुमच्या कार्डवर, तुमच्या कमांडने तोच एरर आला असता, मग तुम्ही दोन बोर्ड खराब दिले म्हणून लिहिलं असतं.

"विकताना हे सांगायला काय झालं होतं" असंही तुम्ही लिहिलंय. हे थोडं पटतं. पण कोण कुठली ओएस टाकणार, कोणता व्हिडिओ बघणार हे आम्हाला आधी कसं कळणार? तरी पिनांच्या नंबरांचा एक कागद छापून बॉक्ससोबत द्यायचा विचार चाललाय, सीझन संपला की बघतो. शनिवारी काउंटरवर अजून एक माणूस ठेवायचं पण घरात बोलणं झालंय.

तुम्ही कधीही बोर्ड घेऊन या, रविवार सोडून, जमलं तर दुपारच्या आत म्हणजे मला स्वतःला बसता येईल. बिल सापडत नसेल तर राहू द्या, आमच्याकडे कॉपी आहे. तुमच्याच कार्डवर ५२९ लिहून तुमच्यासमोर एलईडी लावून दाखवतो, एक रुपया घेणार नाही, त्यानंतर स्टार किती द्यायचे ते तुमच्यावर.

फक्त एक गोष्ट आजच करा. रिव्ह्यूला जो घरचा फोटो लावलाय त्यात पुश बटणाची लाल वायर हेडरच्या २ नंबरवर दिसते, तिथे ५ व्होल्ट आहेत आणि पायच्या जीपीआयओला ३.३ च्या वर चालत नाही. तुम्ही बटण दाबलं की ते ५ व्होल्ट थेट पिनमध्ये जाणार आणि मग ती खरंच जाईल. वायर काढून १ नंबरला लावा, तिथे ३.३ आहेत, आणि तोपर्यंत बटण दाबू नका प्लीज.