‘२के मारा आणि विसरा’ म्हणणाऱ्या वाचकास

फोमच्या चिलखताचा रंग कसा टिकवायचा, या माझ्या लेखात मी रंगावर पाण्यात मिसळणाऱ्या पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअरचे, म्हणजे पारदर्शक कोटाचे, तीन पातळ हात मारायला सांगितलं होतं. त्याखाली काल एका वाचकाने नाव न लिहिता ही प्रतिक्रिया दिली : “यूट्यूब बघून लिहिलेलं दिसतंय. तीन-तीन हात कसले मारायला सांगता? गाडीला मारतात तो २के क्लिअर एकदा मारला की आयुष्यभर ओरखडा उठत नाही. पांढऱ्या फेव्हिकॉलचा प्राइमर घामाने सुटतो. दर जुने, फोटो अंधारातले. नवीन पोरांची दिशाभूल थांबवा.”

चूक दाखवायला माझी कधीच ना नसते. पण ‘यूट्यूब बघून’ हे तुम्ही कशावरून ठरवलंत? बारा वर्षं मी हेच काम करते. शिवजयंतीच्या मिरवणुकीतली चिलखतं, शाळेच्या गॅदरिंगची, कॉमिक कॉनला जाणाऱ्या मुलांची. नवी बनवते तेवढीच जुनी दुरुस्त करते, त्यामुळे रंग कुठे आणि का सुटतो ते मला रोज दिसतं. आधी समोरच्याला हिणवायचं आणि मग मुद्दा मांडायचा, ही बोलण्याची रीत नव्हे. तुम्ही साधं विचारलं असतंत तरी मी एवढंच सविस्तर उत्तर दिलं असतं.

एक गोष्ट मान्य करते. ती तुम्ही काढलेली नाही, लेख पुन्हा वाचताना मलाच सापडली. दोन हातांमध्ये दोन तास थांबा असं मी लिहिलं होतं. पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं होतं. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत पाण्यावरचा पीयू क्लिअर हाताला कोरडा लागतो, पण आतून ओला असतो. तेव्हा चार ते सहा तास थांबा. स्प्रेचा लॅकर तर त्या हवेत मारूच नका, पांढरट धुकं धरतो. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता तुमचं ते २केचं वाक्य. २के म्हणजे क्लिअर आणि हार्डनर एकत्र करून मारायचा कोट. पत्रा, फायबरग्लास, थ्रीडी प्रिंटचं शिरस्त्राण यांवर तो उत्तम बसतो, याबद्दल वादच नाही. पण आपण बोलतोय ईव्हीए फोमबद्दल. सहा किंवा दहा मिलिमीटरचा हा फोम माणूस वाकला की वाकतो, बसला की दबतो. वरचा कोट काचेसारखा कडक आणि खालचा फोम रबरासारखा मऊ, मग तडा जाणार तो कोटालाच. गाडीच्या रंगकामातसुद्धा प्लॅस्टिकच्या बंपरसाठी त्याच क्लिअरमध्ये लवचीकपणा आणणारं द्रव्य मिसळतात. बंपरला जी काळजी लागते ती फोमला लागत नाही?

हा तडा कसा दिसतो ते सांगते. काखेखालच्या वळणावर आधी केसासारखी रेघ उठते, नख फिरवलं की अडकते. दोन-तीन वेळा घालून झालं की तिथला पोपडा उचलला जातो. तो पोपडा फेकू नका, उलटा करून बघा. पाठीला प्राइमर चिकटलेला असेल तर प्राइमरने फोम धरलेलाच नाही; गरम हवा सोडणारी हीट गन फोमवर नीट फिरली नसेल किंवा फोमवरची धूळ पुसली नसेल. पाठ पारदर्शक असेल तर क्लिअरने रंग धरला नाही. बहुतेक वेळा रंगावर हाताचा तेलकटपणा राहिलेला असतो. आणि पोपडा सगळ्या थरांसकट कडाड तुटत असेल, तर कोट फोमच्या मानाने फार कडक आहे. एकच जाड हात मारलेल्या २केचं हेच होतं.

शिवाय एक गोष्ट तुम्ही लिहिलीच नाहीत, आणि दिशाभूल म्हणायचीच तर ती हीच. २केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांनी दम्यासारखा त्रास जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढे थोड्या वाफेनेही उसळतो. साध्या कापडी मास्कने काही होत नाही. गॅलरीत उभ्या राहून स्प्रे मारणाऱ्या कॉलेजच्या पोरांना हे न सांगता ‘एकदा मारा’ म्हणणं मला पटत नाही.

तीन हात का, तर एका जाड हातात ओघळ येतात, आतलं पाणी अडकून दुधाळ डाग राहतात आणि वळणावर तडा लवकर जातो. पातळ हात मारा, प्रत्येक वेळी ब्रशची दिशा बदला. दुसऱ्या हातानंतर १००० नंबरचा वॉटर पेपर हलका फिरवा, पण खालचा धातूसारखा चमकणारा रंग उघडा पडेल इतका नाही. तो पडला की चमक गेलीच. हाताला कोरडं लागणं वेगळं आणि पक्कं होणं वेगळं. निदान सात दिवस घालू नका, आणि त्या सात दिवसांत बबल रॅपमध्ये गुंडाळूही नका, फुग्यांचे गोल ठसे कायमचे उमटतात. सुती चादर घ्या.

आणि मुळात ओरखड्याचा पहिला इलाज क्लिअर नव्हेच. धारदार कडेवरून ओला रंग मागे सरकतो, तिथे थर सगळ्यात पातळ राहतो, म्हणून टवके नेहमी कडांचेच उडतात. रंगवण्याआधी २२० नंबरच्या पॉलिश पेपरने कड एक-दोन मिलिमीटर गोल करा. खांद्याचा तुकडा छातीवर जिथे घासतो तिथे आतून दोन मिलिमीटरचा फेल्ट चिकटवा. वेल्क्रोची खरखरीत बाजू रंगाकडे येऊ देऊ नका, आणि रेक्झिनचे पट्टे रंगावर दाबून ठेवू नका, उन्हाळ्यात चिकटतात. एवढं केलं नाही तर वर कुठलाही कोट मारा, तिथे रंग जाणारच.

फेव्हिकॉल, दर आणि फोटो यांवर मी आत्ता वेळ घालवत नाही.

पटत नसेल तर त्याच फोमच्या एक इंच रुंद, चार इंच लांब अशा दोन पट्ट्या कापा. दोन्हींना तोच प्राइमर आणि तोच रंग द्या. एकीवर तुमचा २के एक हात, दुसरीवर पाण्यावरच्या सॅटिन पीयूचे तीन पातळ हात. सात दिवसांनी दोन्ही लाटण्याभोवती वीस-वीस वेळा गुंडाळा आणि उजेडात धरून बघा. जे दिसेल ते इथेच लिहा, या वेळी नावासकट, आणि फोम किती मिलिमीटरचा, प्राइमर कुठला तेही लिहा.