मिठाचं पाणी पाजू नका असं का लिहिलं

दादा, फवारणीचं औषध पोटात गेलेल्या माणसाला मिठाचं पाणी पाजू नका असं मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची कमेंट वाचली. तुम्ही म्हणता गावाकडं पिढ्यान् पिढ्या मिठाचं पाणी पाजून उलटी काढतात, माणसं वाचलीत, मग सांगोल्याच्या पुढच्या वस्तीवरनं सोलापूरचा मोठा दवाखाना गाठेपर्यंत घरच्यांनी काय हातावर हात ठेवून बसायचं का. बसा असं मी कुठंच लिहिलं नाही ओ.

फवारणीची बरीच औषधं रॉकेलसारख्या द्रावकात असतात. माणूस गुंगीत असला की उलटी श्वासनलिकेत जाते आणि फुप्फुसं खराब होतात, वर मीठ जास्त गेलं तर झटके येऊ शकतात. जे वाचले त्यांच्या पोटात औषधच कमी गेलं असेल, मिठानं वाचले असं कशावरनं?

आणि विष पोटातनंच जातं असं नाही, कातडीतनंही जातं. 2017 ला यवतमाळला फवारणी करणारी माणसं दगावली, ती काय औषध प्यायली नव्हती. आपल्याकडं डाळिंबाच्या बागेत पंप गळतो, शर्ट पाठीला चिकटतो, तसंच दुपारपर्यंत काम चालू. मग घाम, मळमळ, आणि घरचे म्हणतात ऊन लागलं, लिंबू सरबत द्या. सावलीत आणून डोळे बघा. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली असेल, तोंडातनं लाळ गळत असेल, दंडाचं मांस फडफडत असेल तर ते ऊन नव्हे. आधी कपडे काढा, साबण लावून भरपूर पाण्यानं धुवा, स्वतःच्या हाताला प्लास्टिकची पिशवी तरी बांधा. शुद्ध हरपत असेल तर डाव्या कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका.

तेवढ्यात दुसऱ्यानं 108 लावायचा. सोलापूरच पाहिजे असा हट्ट नको, वाटेतल्या सांगोल्याच्या ग्रामीण रुग्णालयात आधी न्या. दिल्लीच्या एम्सचं विषबाधा केंद्र 1800 116 117 वर चोवीस तास सल्ला देतं, डॉक्टरांनाही आणि आपल्यालाही. औषधाची बाटली मात्र विसरू नका, कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून ठेवलेलं असेल तर मूळ डबा शोधा, लेबलवरचं नाव कळलं की डॉक्टरांना उपचार ठरवणं सोपं जातं.

पोलीस केसच्या भीतीनं "जेवणातनं झालं" असं सांगू नका. दवाखान्यातनं पोलिसांना कळवतात खरं, पण त्यासाठी उपचार थांबवत नाहीत, खोट्यानं मात्र चुकीचे उपचार होतात. आणि स्वतःहून घेतलं असेल तर त्या माणसाला त्या वेळी एक शब्द बोलू नका, नुसतं जवळ बसा.

उंदीर मारायच्या पेस्टचं तर फार फसवं असतं बघा, पहिल्या दिवशी माणूस चालतोबोलतो, दोन-तीन दिवसांनी कावीळ दिसते आणि लिव्हर गेलेलं असतं, त्यामुळं बरं वाटतंय म्हणून सही करून घरी आणू नका.